ताठोबाची कंबर

आमच्या लाँड्रीतल्या सुपरवायझरला आम्ही बायका पाठीमागे ताठोबा म्हणायचो. सकाळी कुणीतरी पाठीत लाकडी पट्टी घालून वरून शर्टाची बटणं लावून दिली असावीत, असा तो माणूस चालायचा. वय अठ्ठावन्न, पण पोट नाही, पोक नाही. आणि या दोन्ही गोष्टी आपण स्वतःच्या कर्तबगारीने मिळवल्यात अशी त्याची ठाम समजूत. "माझ्याकडे बघा," हे त्याचं लाडकं वाक्य. बघण्यासारखं तिथे फार काही नव्हतं. पण रजेच्या अर्जावर सही त्याची लागायची, म्हणून आम्ही बघायचो.

माझं नशीब दुप्पट थोर. हा ताठोबा माझा सख्खा थोरला दीर. दिवसभर साहेब, आणि संध्याकाळी वरच्या मजल्यावरून खाली उतरून आमच्या खुर्चीत बसणारे भाऊजी. मला नोकरीला त्यांनीच लावलं होतं, आणि हे मी विसरेन अशी भीती त्यांना रोज वाटत असावी, कारण रोज आठवण करून द्यायचे.

लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी यायच्या. मशीनमधून ओल्या चादरींचे पिळे निघायचे, ते ट्रॉलीत पडायचे, ट्रॉली ड्रायरपाशी जायची, आणि तिथे मी. ट्रॉली छातीइतकी खोल. वरच्या चादरी कुणीही काढेल. तळाच्या काढायच्या तर अर्धं अंग आत लोटावं लागायचं, हाताला लागेल तो पिळा ओढायचा आणि तसंच वाकलेल्या अंगाने डावीकडे वळून तो ड्रायरच्या तोंडात कोंबायचा. ओली चादर काय वजनाची असते हे ज्याने उचललीय त्यालाच विचारावं. असं मी एकोणीस वर्षं केलं.

भिंतीवर एक पोस्टर होतं. डोक्यावर टोपी घातलेला एक हसरा माणूस खोकं उचलतोय, आणि खाली लिहिलेलं, 'गुडघ्यात वाका, कमरेत नको.' आमच्या ट्रॉलीपाशी गुडघ्यात वाकलं की हनुवटी काठावर टेकायची आणि चादर जिथल्या तिथे. ते पोस्टर ज्याने काढलं त्याने ट्रॉली पाहिली नव्हती, आणि ज्याने लावलं त्याने पोस्टर वाचलं नव्हतं.

कुणा बाईने कंबर दुखते म्हणून रजा मागितली की ताठोबा अर्ज हातात धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "कंबर कुणाची दुखते माहितीये का? जिला काम नको असतं, तिची." मग स्वतःच्या कमरेवर थाप मारायचे. "माझ्याकडे बघा. चाळीस वर्षांत एक दिवस नाही." चाळीस वर्षांत एक चादरही उचललेली नव्हती, पण हे कोण बोलणार. इस्त्रीवाली एकदा हळूच बोलली होती. तिला पुढचा महिनाभर बॉयलरजवळ उभं केलं.

माझी कंबर गेली ती एका मंगळवारी, आणि तीसुद्धा जड चादर उचलताना नाही. उशीचा एक अभ्रा खाली पडला होता. मी वाकले, उचलला, आणि वर येता येता कमरेत असं काही तरी सटकलं की मी ट्रॉलीचा काठ धरून तशीच राहिले. श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. इस्त्रीवालीने आणि आणखी एकीने मला धरून बाकावर आडवं केलं.

ताठोबा आले. काय झालं म्हणून विचारलं. इस्त्रीवालीने सांगितलं.

"अभ्रा?" ते म्हणाले. "अभ्रा उचलताना?"

आणि हसले. संध्याकाळी माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्या नवऱ्याला सांगताना पुन्हा हसले. माझा नवरा मोठ्या भावापुढे मान हलवण्यापलीकडे काही करत नाही. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. हसण्याने किंवा खोकल्याने माझ्या कमरेत कळ जायची, म्हणून मी शिवीसुद्धा मनातल्या मनात, सावकाश दिली.

दोन दिवसांनी दुखणं कमरेतून निघालं आणि डाव्या पायात उतरलं. ढुंगणापासून मांडीच्या मागून पोटरीत, आणि तिथून अंगठ्यापर्यंत, तापलेली तार ओढत न्यावी तसं. बसलं की जास्त. शिंकलं की डोळ्यांपुढे काजवे. पाऊल एका बाजूला बधिर.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या नात्यात कुणाला फारसं काही येत नाही, पण कंबर सगळ्यांना येते. नवऱ्याने कुणाचं तरी ऐकून मला फरशीवर झोपवलं आणि "हलू नकोस, महिनाभर अजिबात हलू नकोस" म्हणाला. महिनाभर स्वयंपाक कोण करणार हा प्रश्न त्याला तिसऱ्या दिवशी पडला. मावससासूने असा एक मलम दिला की कातडी सोलवटली आणि कंबर होती तशीच दुखत राहिली. शेजारणीने स्वतःचा पट्टा आणून दिला. तो तिच्या मापाचा. मला त्यात श्वास घेता येत नव्हता. "सवय होईल," ती म्हणाली. मी विचारलं, तुमची कंबर बरी झाली का? "नाही हो, पण पट्टा फार चांगला आहे."

आणि भाऊजींनी आणला मणकेवाला.

हा माणूस पूर्वी कुस्तीगिरांना मालिश करायचा. आता सुटलेले मणके बसवायचा. त्याच्या हातांना तेलाचा वास यायचा आणि तोंडाला आत्मविश्वासाचा. त्याने माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबला आणि म्हणाला, "हा बघा. एक इंच बाहेर आलाय." भाऊजींनी वाकून बघितलं आणि हो म्हणाले. काय दिसलं त्यांना, देव जाणे. मणकेवाल्याने माझा पाय दुमडला, खांदा उलट्या बाजूला दाबला, आणि हिसका दिला. कटकन आवाज आला.

"बसला!" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मला डावं पाऊल जमिनीवर टेकवेना. भाऊजी म्हणाले, मणका बसलाय पण तुझं मन बसलेलं नाही. तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "मला इस्पितळात ने. नाहीतर मी एकटी रांगत जाईन, आणि रस्त्यात भेटेल त्या प्रत्येकाला तुझं नाव सांगेन." त्याने रिक्षा आणली.

डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली काळं, तीन तास माझ्यासारख्यांच्याच कंबरा बघत बसलेली. तिने मला उताणं झोपवून सरळ पाय उचलला, मी ओरडले, तिने मान डोलावली. पायाचा अंगठा वर कर म्हणाली, टाचेवर चालून दाखव म्हणाली, छोट्या हातोडीने गुडघ्यावर, घोट्यावर मारून पाहिलं. मग नवऱ्यादेखत विचारलं, "लघवी नीट होते का? कधी अडते का, किंवा नकळत होते का? दोन मांड्यांच्या मधे, जिथे आपण सायकलच्या सीटवर टेकतो, तिथे बधिर वाटतं का?"

नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

"नाही," मी म्हटलं. "पण असं का विचारता?"

"कारण बाकी सगळ्याला वेळ देता येतो, याला नाही. यातलं एक जरी झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला इथे यायचं. कुणाच्या सल्ल्यासाठी थांबायचं नाही."

मग तिने समजावलं. मणका सुटत नाही, इंचभर बाहेर येत नाही. दोन मणक्यांच्या मधे गादी असते. वर्षानुवर्षं वाकून, वळून, ओझं ओढून ती झिजते, आणि एक दिवस तिचा तुकडा मागे सरकून पायाच्या शिरेवर दाबतो. त्या दिवशी हातात अभ्रा असेल नाहीतर हत्ती, गादीला काही फरक पडत नाही. बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत, फार तर तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरं होतं. गोळ्या दिल्या. पडून राहू नका म्हणाली, थोडं थोडं चाला, एका जागी फार वेळ बसू नका, आणि व्यायाम शिका.

व्यायाम शिकवणारा इस्पितळाच्या तळमजल्यावर होता. स्वतःचं पोट टेबलाच्या कडेवर टेकवून तो मला पोटाचे स्नायू आवळायला शिकवायचा. पण माणूस कामाचा होता. मी कुठे चुकते हे न बघता ओळखायचा. "श्वास सोडा, बाई. कमरेवर राग काढू नका, ती तुमचीच आहे." दहा आठवडे मी त्याच्याकडे गेले. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग बाजारापर्यंत, मग कंटाळा येईपर्यंत चालायला लागले. तार थंड होत होत पोटरीतून गेली, मांडीतून गेली. पावलाचा बधिरपणा थोडा राहिला. तो अजून आहे.

कामावर परत गेले ते डॉक्टरणीची चिठ्ठी घेऊन. हलकं काम द्यावं, खोल वाकणं टाळावं. ताठोबांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि बोटाने ट्रॉली दाखवली.

मी म्हटलं, "ट्रॉलीच्या तळाशी एक फळी टाका, खाली स्प्रिंगा लावा. चादरी कमी होतील तशी फळी वर येईल. वाकावंच लागणार नाही."

"आज फळी मागताय, उद्या झोपाळा मागाल," ते म्हणाले. "माझ्याकडे बघ जरा."

मी बघितलं. आणि कामाला लागले, कारण घरी बसणं मला त्याहून जड गेलं असतं. तळाच्या चादरी इस्त्रीवाली येता-जाता काढून द्यायची. ताठोबांना ते दिसायचं, पण तेवढ्यापुरते ते दुसरीकडे बघायचे. यालाच ते मोठेपणा म्हणत असावेत.

पाच महिने असे गेले. मग पाण्याच्या पंपाची नवी मोटर आली. हमाल दोघे होते. ते म्हणाले हातगाडी आणतो, पायऱ्यांवरून अशी उचलायची नाही. ताठोबा बायकांसमोर उभे होते, हे त्या मोटरचं दुर्दैव.

"दोघे दोघे आणि हातगाडी?" त्यांनी बाह्या सारल्या. "सरका."

त्यांनी मोटर उचलली, हे खरं. पायरीवर वळलेसुद्धा. मग मोटर हातातून सुटून पायऱ्यांवरून खाली गेली, आणि ताठोबा जिथे होते तिथेच काटकोनात राहिले. एक हात कठड्यावर, नजर जमिनीवर. जमिनीवर काय काय पडलेलं असतं ते त्यांना नोकरीत पहिल्यांदाच दिसत असावं. कुणी हसलं नाही. सगळ्या बायका मशीनकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि सगळ्यांचे खांदे हलत होते. माझेही हलत होते. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की चमक भरलीय, दोन दिवसांत जाईल. मी खालून निरोप पाठवला, डॉक्टरणीकडे जा. वरून उत्तर आलं, "अभ्रेवाल्यांनी जावं."

चौथ्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, मोठ्या जाऊबाई जिना उतरून माझ्या दारात आल्या. ही बाई कधी विनाकारण खाली येत नाही, आणि बोलायला लागली तर आधी दाराबाहेर बघून घेते.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "तू तुझ्या डॉक्टरणीचं सांगितलं होतंस ना, ते लघवीचं. यांना सकाळपासून होत नाहीये. पोट फुगलंय. आणि दोन्ही पाय लटपटतात. मणकेवाला आलाय. तो म्हणतो पाठीवर पाय देऊन मोकळं करतो."

मी चपला न घालता वर धावले. कमरेला बरं नसतं असं धावणं.

भाऊजी सतरंजीवर पालथे पडले होते, शर्ट वर सारलेला. मणकेवाला एका हाताने कपाट धरून एक पाय हवेत घेऊन उभा.

"पाय खाली ठेवा," मी म्हटलं.

"हिला कुणी बोलावलं?" सतरंजीत तोंड खुपसून भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, सायकलच्या सीटवर टेकतो ती जागा बधिर झालीय का?"

धाकट्या भावजयीने थोरल्या दिराला असलं काही विचारायचं नसतं. मणकेवाल्यानेसुद्धा मान खाली घातली.

"तोंड सांभाळून बोल. लाज वाटते का काही!"

"वाटते. पण तुम्ही उत्तर द्या. कपडा लागलेला कळतो का तिथे?"

त्यांनी सतरंजीवरून मान वळवली. मग हळूच, बायकोला उद्देशून, जणू मी तिथे नाहीच, म्हणाले, "कालपासून काही कळत नाही."

मणकेवाला म्हणाला, "ते होतं. शीर मोकळी झाली की—"

"तुम्ही घरी जा," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. त्यालाही नसावं. तेलाची बाटली घेऊन तो निघाला.

रुग्णवाहिका आली. नवऱ्याने आणि शेजाऱ्यांनी त्यांना फळीवर आडवं घालून खाली नेलं. जिन्यात ते म्हणत होते, सावकाश, सावकाश. इस्पितळात तीच डॉक्टरीण होती. तिने तेच प्रश्न विचारले, टाचणीने टोचून पाहिलं, नळी घालून लघवी मोकळी केली. ती किती निघाली हे बघून नर्सनेही भुवया उंचावल्या. लगेच मणक्याचं एमआरआय झालं. गादीचा मोठा तुकडा निखळून खालच्या सगळ्या शिरांच्या जुडग्यावर बसला होता. संध्याकाळच्या आत त्यांना ऑपरेशनला घेतलं.

डॉक्टरीण मला बाहेर येऊन म्हणाली, "यावर पाय दिला असता तर पुढे काय झालं असतं ते सांगायला नको. उद्यापर्यंत थांबले असते तरी नळी कायमची."

भाऊजी वाचले. पाय चालू लागले. लघवीवरचा ताबा परत यायला सात आठवडे लागले, आणि ते सात आठवडे त्यांच्यासाठी कसे गेले असतील याचा मला खरोखर अंदाज आहे. मला त्यांची दया आली. पण माणूस असा, की आलेली दया फार वेळ टिकू द्यायचा नाही.

लोक भेटायला यायचे. भाऊजी उशीला टेकून सांगायचे, "मला लगेच शंका आली. म्हटलं, हे साधं नाही. म्हटलं, आधी इस्पितळ." मी चहाचे कप घेऊन उभी असायचे. मणकेवाल्याचा विषय निघाला की म्हणायचे, "असल्या लोकांवर विश्वास ठेवणारे असतात, काय करणार." कंबर आता त्यांच्या मालकीची झाली होती. कुणी स्वतःचं दुखणं सांगायला लागला की ते हात वर करायचे. "तुमचं ते दुखणं. माझं होतं ते प्रकरण."

चार महिन्यांनी ते कामावर आले. पहिल्याच आठवड्यात चादरी तपासायला ट्रॉलीत वाकावं लागलं, आणि अर्ध्यातच थांबले. पंधरा दिवसांत आठ नव्या ट्रॉल्या आल्या. तळाला फळी, फळीखाली स्प्रिंगा. ताठोबांनी बायकांना गोळा केलं आणि पाऊण तास भाषण दिलं, मणक्यांमधे गादी असते, ती कशी झिजते. ही कल्पना त्यांना दवाखान्यात पडल्या पडल्या सुचली होती म्हणे. इस्त्रीवालीने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रॉली ओढली आणि कामाला लागले. ट्रॉली उत्तम आहे. ती कुणाच्या डोक्यातून निघाली हे माझ्या कमरेला विचारायची गरज पडत नाही.

भाऊजींचे व्यायाम सुरू होते तेव्हा जाऊबाई त्यांना इस्पितळात, तळमजल्यावरच्या त्या पोटवाल्याकडे घेऊन जायच्या. एकदा भाऊजींना बरं वाटत नव्हतं, म्हणून कागद दाखवायला मी आणि त्या दोघीच गेलो. कागद दाखवून झाले. पोटवाल्याने सहज विचारलं, "आणि तुम्ही, बाई? मघापासून बघतोय, खुर्चीत तिरक्या बसता."

"काही नाही," जाऊबाई म्हणाल्या. मग दाराकडे बघून घेतलं. "कंबर दुखते जराशी."

"किती दिवस झाले?"

"धाकटा झाला तेव्हापासून."

"तो केवढा आहे?"

"बावीस."

त्याने पेन खाली ठेवलं. "कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? घरात कंबर दुखणाऱ्याला काय म्हणतात ते ऐकत होते ना."

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. बावीस वर्षं एकाच जिन्याने आम्ही वर-खाली केलं होतं. दिराला नावं ठेवायला मला रोज सवड मिळाली. त्या जिना चढताना मधल्या पायरीवर का थांबतात हे विचारायला एक दिवसही मिळाली नाही. मीही त्याच घरातली.

त्याने त्यांना चटईवर झोपायला सांगितलं, गुडघे दुमडून, पाय एका स्टुलावर. त्यांनी पदर नीट केला, इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूहळू आडव्या झाल्या.

"किती वेळ असं?"

"पंधरा मिनिटं."

"दिवसाढवळ्या?" त्या म्हणाल्या. "नुसतं पडून?"

"नुसतं पडून."

दोन मिनिटांनी त्यांच्या पिशवीत फोन वाजला. त्या उठायला लागल्या, मी खांद्यावर हात ठेवला आणि फोन घेतला. पलीकडे भाऊजी.

"कुठे आहात दोघी? दीड वाजला. जेवायचं काय?"

"ताट ओट्यावर झाकून ठेवलंय," मी म्हटलं. "वाकावं लागत नाही."

आणि फोन बंद करून पिशवीत टाकला. जाऊबाईंनी डोळे मिटले होते.